मोदक, तारका आणि लखोटा

पैठणच्या राजाची एक जुनी गोष्ट आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये बसून ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात ती आली आहे. परंतु तिचे माहेर आपलेच. आमच्या उस्मानपुऱ्यातून निघाले तर पन्नासेक किलोमीटरवर गोदावरी लागते, तिच्या काठचे. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने एक राणी दमली आणि तिने संस्कृतात सांगितले की, आता पाण्याने मारणे पुरे. ‘मा’ म्हणजे नको आणि ‘उदकैः’ म्हणजे पाण्याने. हे दोन शब्द शेजारी आले की संधीच्या नियमाने त्यांचा ‘मोदकैः’ होतो. राजाचे व्याकरण कच्चे. त्याच्या कानी मोदक तेवढे आले, आणि त्याने सेवकांना सांगून ताबडतोब मोदकांची ताटे मागविली! राणी हसली, दासी हसल्या, आणि राजाने लाजेने अंथरूण धरले.

पुढे दरबारात पैज लागली. गुणाढ्य पंडित म्हणाला, मी महाराजांना सहा वर्षांत व्याकरण शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. तसे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडीन, असे गुणाढ्य बोलून बसला आणि हरला. मग रानात जाऊन पैशाची भाषेत त्याने ‘बृहत्कथा’ लिहिली, असे ही कथा सांगते. गोष्टीतला कार्तिकस्वामींचा प्रसाद आपण बाजूला ठेवू. परंतु शर्ववर्म्याच्या नावावरचे ‘कातंत्र’ हे आटोपशीर व्याकरण खरोखरीचे आहे आणि बंगालपासून काश्मीरपर्यंत ते शतकानुशतके शिकविले जात होते.

ह्या गोष्टीत राणीचे काय चुकले? काहीच नाही. तिचे वाक्य निर्दोष होते. घोटाळा झाला तो तिच्या मुखातून शब्द निघाल्यानंतर आणि अर्थ होण्यापूर्वी, मधल्या उंबरठ्यावर. गाठ तिने एका रीतीने बांधली आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्या रीतीने सोडली. आज संगणकावर काही हजार पानांतून एखादा शब्द हुडकताना नेमक्या ह्याच उंबरठ्यावर माणसे अडखळतात. ह्या अडखळण्याला मोठा इतिहास आहे आणि त्यात आपल्या भाषेचाही वाटा आहे, म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर तो सांगावा असे मनात आले.

लिहिलेली खूण दोन प्रकारे जगते. कधी ती स्वतःच असते, तर कधी ती वाचणाऱ्याला दिलेला हुकूम असते. विधानसभेतील तारांकित प्रश्न घ्या. तेथे तारका हा काही प्रश्नाचा भाग नव्हे. ह्याचे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यावे, एवढाच तिचा हुकूम. आता ‘तारका’ ह्या खुणेविषयीच काही लिहायचे असेल तर? तेव्हा वाचणाऱ्याला सांगावे लागते की, बाबा, हा हुकूम समजू नकोस, ही नुसती खूण आहे. असे सांगण्यासाठी माणसाने ज्या युक्त्या काढल्या, त्यांना आपण अवतरणचिन्हे म्हणतो.

आपल्या जुन्या मराठीत अवतरणचिन्हे नव्हती. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढीत आणि तिला अक्षरे टांगीत जात. शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याने ओळखायचे. दुसऱ्याचे बोलणे संपले हे सांगायला ‘म्हणोन’ असे. ‘अमुक अमुक म्हणोन लिहिले ते कळले’ हा पेशवाई पत्रांतला ठसा जुनी पत्रे चाळणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. हा ‘म्हणोन’ म्हणजे बंद होणारे अवतरणचिन्हच. फक्त उघडणारे चिन्ह नाही, ते वाचकाने मागे जाऊन शोधायचे! छापखाने आले आणि हे चालेना. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात ज्यांचा मोठा हात होता त्या मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिले, आणि स्वल्पविरामापासून अवतरणापर्यंतची सगळी बाराखडी मराठीत रुळू लागली. परक्या माणसाने आपल्या वाक्याला श्वास घ्यायला शिकविले, हे मान्य करायला आपण संकोचू नये.

परंतु कँडीसाहेबांच्या दोन हजार वर्षांहून अधिक काळ आधी पाणिनीने हाच प्रश्न फार खोलात जाऊन सोडविला होता. त्याची अष्टाध्यायी म्हणजे सुमारे चार हजार सूत्रे, आणि ती भाषेविषयी भाषेतच लिहायची होती. तेव्हा त्याने नियम घालून दिला की, माझ्या ग्रंथात शब्द आला तर तो त्या शब्दाच्या रूपाचाच समजावा, अर्थाचा नव्हे. अपवाद फक्त मी ठरविलेल्या संज्ञांचा. व्यवहारात ‘अग्नी आण’ म्हटले तर निखारे आणायचे, व्याकरणात अग्नी म्हटले तर अ, ग, न ही अक्षरे घ्यायची. शिवाय त्याने अक्षरांना हुकूम चिकटविले. ‘क्त’ हा प्रत्यय घ्या. त्यातला खरा प्रत्यय ‘त’. आधी लावलेला ‘क्’ सांगतो की धातूच्या स्वराचा गुण करू नकोस, आणि एवढे सांगून गळून पडतो. म्हणून ‘कृ’चे ‘कृत’ होते, ‘कर्त’ होत नाही. अशा गळून पडणाऱ्या अक्षराला अनुबंध किंवा इत् म्हणतात. आणि शाळेत पाठ केलेले ‘अच्’ आणि ‘हल्’? सगळे स्वर आणि सगळी व्यंजने एकेका चिमुकल्या शब्दात बांधणारे ते प्रत्याहार. हे नियम कसे वाचावेत ह्याचेही नियम पुढे झाले. त्यांवरचा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ अठराव्या शतकात काशीत राहिलेल्या नागेशभट्ट काळे ह्या महाराष्ट्रीय पंडिताचा. तो इंग्रजी भाषांतरासह जगापुढे आणला कीलहॉर्नने, जो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवीत असे.

येथे एक इशारा देतो. ‘सारे काही आमच्या पोथ्यांत होतेच’ म्हणून छाती फुगविणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. पुढे अमेरिकेत जे झाले ते पाणिनी वाचून झालेले नाही. संगणकाच्या लोकांना हे साम्य दिसले मात्र खरे. १९६७ साली इंगरमन नावाच्या गृहस्थाने अमेरिकेतील संगणकसंस्थेच्या मासिकात सुचविले की, संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याच्या एका पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे. त्याच मासिकात पुढल्या वर्षी, जून १९६८ मध्ये, केन थॉम्सनचा एक लेख आला. आपली खरी कथा तेथून हलते.

तिचे मूळ थोडे मागे आहे. १९४३ साली मॅकुलक आणि पिट्स यांनी मेंदूतील मज्जातंतूंचे एक गणिती चित्र काढले. अशा तंतूंचे जाळे कोणकोणत्या घटना ओळखू शकेल, हा प्रश्न स्टीफन क्लेनी ह्या तर्कशास्त्रज्ञाने १९५१ साली हाती घेतला; त्याचा निबंध १९५६ साली छापून आला. ‘एखादी गोष्ट एकदाही नाही, एकदा किंवा कितीही वेळा’ हे सांगायला त्याने तारका वापरली. जी घटना अशा रीतीने मांडता येते तिला त्याने ‘रेग्युलर’ म्हटले, आणि ह्याहून बोलके नाव कोणाला सुचले तर सांगावे असेही नम्रपणे नोंदवून ठेवले. ते कोणालाच सुचले नाही! म्हणून आज जगभर ह्या लिखाणाला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. आपण त्याला नुसते नमुना म्हणू.

थॉम्सनने मेंदू बाजूला ठेवला आणि ही तारका मजकूर शोधण्याच्या कामाला जुंपली. टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. तारका म्हणजे आधीचे अक्षर शून्य किंवा अधिक वेळा. चौकटी कंसात अक्षरे लिहिली तर त्यांपैकी कोणतेही एक, जणू घरगुती प्रत्याहारच. बेल प्रयोगशाळेत त्याचे सहकारी ली मॅकमहन यांना ‘फेडरलिस्ट’ निबंध तपासायचे होते. १७८७-८८ मध्ये तिघा अमेरिकन मुत्सद्द्यांनी एकाच टोपणनावाने लिहिलेले हे पंच्याऐंशी निबंध. त्यांतला कोणता कोणाचा, हा वाद. (आपल्या पैठणात एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, त्याच जातीचे हे काम, फक्त नाथांपाशी डोळे आणि दिवा एवढेच साधन होते.) तो मजकूर त्या वेळच्या लहानशा यंत्राच्या संपादकात मावेना. तेव्हा थॉम्सनने संपादकातला शोधणारा भाग वेगळा काढून त्याचे स्वतंत्र अवजार केले. ‘ग्लोबल’, ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ आणि ‘प्रिंट’ ह्यांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव झाले ‘ग्रेप’. १९७३ च्या युनिक्समध्ये ते आले आणि अजून रोज वापरात आहे.

येथपर्यंत एकच ऐकणारा होता. परंतु युनिक्समध्ये तुम्ही लिहिलेला हुकूम थेट ग्रेपकडे जात नाही. देवडीवर एक हुजऱ्या बसलेला असतो. त्याचे नाव शेल. तुमची चिठ्ठी तो आधी उघडतो, स्वतः वाचतो, आपल्या समजुतीप्रमाणे त्यात फेरफार करतो आणि मग आत धाडतो. मनाने वाईट नाही. तुमचे श्रम वाचावेत म्हणूनच त्याची धडपड. मात्र त्यालाही तारका कळते, आणि त्याची तारका वेगळी! ग्रेपच्या लेखी तारका म्हणजे ‘आधीचे अक्षर कितीही वेळा’. हुजऱ्याच्या लेखी तारका म्हणजे ‘येथे काहीही’. ती दिसली की दप्तरात त्या आकाराची जेवढी नावे असतील तेवढी तो तिच्या जागी लिहून मोकळा होतो.

आता मराठीतले उदाहरण घेतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि नांव, पांच, कांही ह्यांच्या डोक्यावरचे टिंब उतरले. त्यापूर्वीचा सगळा छापील मजकूर टिंबासह आहे. तो संगणकावर घातला आणि आजच्या पद्धतीने ‘नाव’ शोधले, तर १९६२ च्या अलीकडचे तेवढे सापडेल आणि आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी मुकी राहील. नमुना येथे उपयोगी पडतो. युनिकोडमध्ये अनुस्वार हे स्वतंत्र चिन्ह आहे, म्हणून त्याच्यापुढे तारका ठेवायची:

ग्रेप नां*व कादंबरी

म्हणजे ‘कादंबरी’ नावाच्या दप्तरात ना, मग अनुस्वार असला तर असो नसला तर नसो, मग व, असे शोध. दोन्ही पिढ्या एका तारकेत आल्या. (जुन्या लेखनात नाव म्हणजे होडी आणि नांव म्हणजे नाम, असा भेद होता, होड्याही जाळ्यात येतील. त्या हाताने वेचाव्या लागतात.)

उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे, त्यामुळे खोल्या घेऊन राहणारी मुले पुष्कळ. त्यांतला एक शेजारचा विद्यार्थी जुन्या कादंबऱ्या संगणकावर उतरवितो. हा हुकूम त्याच्याकडे महिनाभर छान चालला. मग एक दिवस ग्रेप गप्प झाले. ज्या पुस्तकात पानापानावर नाव आणि नांव, त्यात एकही ओळ सापडेना. “सर, काल हेच चालत होतं,” तो म्हणाला. कालपासून आजपर्यंत झाले होते एवढेच, की त्याने त्याच जागी गावांची टिपणे ठेवायला सुरुवात केली होती. पैठण, वेरूळ, आणि नाशिक जिल्ह्यातले नांदगाव. हुजऱ्याने चिठ्ठी उघडली. ‘नां’ने सुरू होणारे, मध्ये काहीही, आणि ‘व’ने संपणारे नाव दप्तरात आहे का? आहे की, नांदगाव! त्याने नमुना खोडून तेथे नांदगाव लिहिले. ग्रेपने इमानाने कादंबरीभर नांदगाव शोधले, आणि ते तेथे नव्हते. पाणी नको म्हणावे आणि मोदकांचे ताट यावे, तो हा प्रकार. महिनाभर जे चालले ते हुजऱ्याला जुळते नाव मिळाले नव्हते म्हणून. नाव न मिळाल्यास बहुतेक शेल तारका आहे तशी आत सोडतात. म्हणून हा दोष अधिक घातकी. जो हुकूम कधीच चालत नाही तो माणूस दुरुस्त करतो. जो बहुधा चालतो त्यावर तो विसंबतो. आणि शोधण्यात निदान वेळच जातो. नोंदी पुसण्याच्या हुकुमात तारकेच्या शेजारी एक मोकळी जागा चुकून पडली, तर हुजऱ्या ‘सगळे’ असे समजून सगळे पुसून टाकतो आणि पुन्हा विचारायला येत नाही.

उपाय पेशवाईतलाच: लखोटा. चिठ्ठी लाखेने बंद केली की हुजऱ्याने ती न फोडता आत द्यायची.

ग्रेप 'नां*व' कादंबरी

१९७९ साली स्टीफन बोर्नने युनिक्ससाठी नवा शेल लिहिला, त्यात लखोट्याची जी शिस्त ठरली ती आजवर टिकून आहे. एकेरी अवतरणात घातलेले काहीही हुजऱ्या वाचत नाही. दुहेरी अवतरण हा अर्धा लखोटा. त्यात तारका सुरक्षित, परंतु डॉलरचे चिन्ह दिसले की तो आत डोकावतोच. एकेरी लखोट्यात मात्र एक वस्तू कधीच मावत नाही, ती म्हणजे खुद्द एकेरी अवतरणचिन्ह. ते आले की लाख फुटली असे समजले जाते.

एकाच अक्षराला वाचवायचे असेल तर तिसरी खूण आहे, उलटी तिरपी रेघ. ही १९६१ साली बॉब बीमर यांच्या आग्रहाने संगणकाच्या अक्षरमालेत आली, आणि आणली होती दुसऱ्याच कामासाठी. सरळ आणि उलट्या रेघा जोडून ‘आणि’ व ‘किंवा’ यांची तर्कशास्त्रातली चिन्हे बनविता यावीत म्हणून. पुढे ती पाणिनीच्या अनुबंधासारखी वागू लागली. ‘पुढच्या अक्षराचा अर्थ करू नकोस’ एवढे सांगते आणि गळून पडते. समजा, ‘डॉ.’ ही संक्षिप्त पदवी शोधायची आहे. टिंब म्हणजे कोणतेही अक्षर, त्यामुळे नुसते तेवढे लिहिले तर डॉक्टरही येतील आणि डॉलरही. म्हणून टिंबाआधी रेघ द्यायची. परंतु लखोटा नसेल तर ती रेघ देवडीवर हुजऱ्याच गिळतो आणि आत जाते ते पुन्हा उघडे टिंब! दोन उंबरठे, म्हणून दोन रेघा. किंवा मग एक रेघ आणि लखोटा. नवशिके विद्यार्थी येथे रेघांवर रेघा चढवीत जातात, दारावर लिंबू-मिरच्या टांगाव्यात तसे. चिठ्ठी कोणकोणाच्या हातून जाणार हे आधी मोजले तर ती वेळ येत नाही.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. टिंब म्हणजे एक अक्षर म्हटले, पण अक्षर कशाला म्हणायचे? ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडने १९९१ साली भारतीय मानकाच्या आधारे देवनागरीची जी मांडणी केली तीत ‘स्त्री’ म्हणजे सहा चिन्हे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. ग्रेपचे टिंब त्यांतले एकच उचलते. आणि आपल्या मराठीचा खास ‘ऱ्य’? आचार्यांना बोलाविले तर गुरुजी येतात, आचाऱ्यांना बोलाविले तर स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांतल्या. हा अर्धा ऱ संगणकात दोन रीतींनी साठविलेला आढळतो. एका रीतीत ‘ऱ’ हे वेगळे अक्षरच असते. दुसऱ्या, जुन्या रीतीत साधा ‘र’ आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी, ग्रेपला मात्र परकी. दोन्ही सापडावीत म्हणून ढिला नमुना लिहिला तर दऱ्यांबरोबर दर्याही येतो. तेथे ‘हे किंवा ते’ असेच स्पष्ट सांगावे लागते.

‘किंवा’ची खूण म्हणजे उभी रेघ. ती ग्रेपच्या थोरल्या भावाला, एग्रेपला, कळते. आमच्या शहराविषयीचे जुने उल्लेख शोधायचे तर ती लागतेच. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविले तेव्हा हे खडकी होते. त्याच्या मुलाच्या काळात फतेहनगर झाले, मग औरंगजेबामुळे औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर.

एग्रेप 'खडकी|फतेहनगर|औरंगाबाद|संभाजीनगर' कागद

चारशे वर्षे एका ओळीत आली. (पुण्याची खडकीही येईल, तिला चाळणीने बाहेर काढणे संशोधकाकडे.) हीच ओळ लखोट्याशिवाय पाठविली तर गंमत होते. हुजऱ्याच्या भाषेत उभी रेघ म्हणजे ‘ह्याचे काम संपले की ते पुढच्या कामगाराच्या हाती दे’. तो खडकीचे काम फतेहनगर नावाच्या कामगाराकडे, त्याचे औरंगाबादकडे सोपवायला निघतो आणि परत येऊन सांगतो की, ह्या नावाचा कामगार येथे कोणी नाही.

पोथीत ही रेघ म्हणजे दंड. ओवीचा चरण संपला की एक आणि ओवी संपली की दोन. युनिकोडने दंडाला स्वतःची वेगळी जागा दिली आहे, परंतु टंकलिखाण करणारे पुष्कळ लोक हाताशी असलेली इंग्रजी उभी रेघच मारतात. अशा पोथीतले दोन दंड साध्या ग्रेपने लखोट्यात घालून शोधले तर नीट सापडतात, कारण त्याच्या लेखी ती नुसती रेघ. एग्रेपला ते ‘काही नाही किंवा काही नाही किंवा काही नाही’ असे वाटते, आणि पोथीची प्रत्येक ओळ तो समोर आणून ठेवतो. लखोटा नसला तर हुजऱ्या त्यांचा तिसराच अर्थ करतो: ‘पहिले काम फसले तरच पुढचे कर.’